व्हिएन्नाच्या बर्फातली सरकी

पेटी उचलायला शिवशंकर वाकला, तोच वच्छलाबाई तिच्यावर जाऊन बसल्या. मांडी घालून, पदर सावरून. जणू पंगतीत पहिल्या ओळीत जागा मिळाली होती.

"आता उचल," त्या म्हणाल्या. "मायसकट उचल. लई शिकलास ना पुण्यात."

शिवशंकरने मदतीसाठी लेकीकडे पाहिलं. रेणुकाने छपराकडे पाहिलं. आपले पप्पा ऑफिसात चाळीस माणसांना कामाला लावतात, हे तिला ठाऊक होतं. पण मंठ्याजवळच्या या वस्तीवर त्यांचं एका माणसापुढे काही चालत नाही, हे ती दर दिवाळीला पाहायची, आणि तिला ते फार आवडायचं.

या दिवाळीला मात्र गोष्ट हसण्यावारी न्यायची राहिली नव्हती. रविवारी आजीला पुण्याला न्यायचं, मेंढरं विकायची, घराला कुलूप लावायचं, असं पप्पांनी ठरवून टाकलं होतं. पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनीत उभं राहिलं की समोर दुसऱ्याची बाल्कनी. आजी तिथे गेली तर महिन्याभरात सुकेल, हे रेणुकाला दिसत होतं. पप्पांना दिसत नव्हतं. मोठ्या माणसांना ठरवून झाल्यावर काहीच दिसत नाही.

आणि हे सगळं झालं होतं एका सिनेमामुळे.

झालं असं. पाडव्याच्या दुपारी टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा लागला होता. प्रेमाचा. नायिका रुसून व्हिएन्नाला निघून जाते आणि नायक तिला शोधत बर्फातून गल्लीबोळ पालथे घालतो. एका गल्लीत दूरवर एक उंच माणूस पाठमोरा चाललेला दिसतो. अंगात लांब काळा कोट, डोक्यावर हॅट, आणि छत्री खांद्यांवर आडवी टाकून तिच्यावर दोन्ही मनगटं लटकवलेली. दिव्याखाली तो एकदाच वळून बघतो आणि जातो.

वच्छलाबाई शेंगा फोडत होत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"हे तर तुझे आजोबा," त्या रेणुकाला म्हणाल्या.

आजोबा, म्हणजे कल्याण धनगर, जाऊन बारा वर्षं झाली होती. आयुष्यात ते जालन्याच्या पलीकडे गेले नव्हते. शिवशंकरने आधी हसून घेतलं, मग आईजवळ बसून समजावलं. सिनेमातली ती गल्ली व्हिएन्नातली आहे, तो स्वतः मागच्या डिसेंबरात बायको-लेकीला घेऊन तिथे उभा राहून आला आहे, फोटोसुद्धा आहे. शिवाय त्या माणसाला मिशी नाही. बाबांना मिशी नाही असं त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मिशीचा शब्द निघाला आणि वच्छलाबाई गप्प झाल्या. हेच तर विचित्र होतं. आजी कुणाचं ऐकून गप्प बसली, असं रेणुकाने कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मात्र आजी जो येईल त्याला सांगत सुटली, की आमचे ते टीव्हीत आल्ते. वस्तीवरची माणसं तोंडावर हो म्हणायची आणि बांधापलीकडे जाऊन हसायची. शिवशंकरने पुण्याच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, वय झालं की होतं असं, एकटं ठेवू नका.

म्हणून ही पेटी.

*

मेंढरं कोंडायच्या जाळीमागे तिघांची बैठक भरली. रेणुका, तिचा चुलतभाऊ, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू, बिरू आणि बिरूच्या वर्गातली जान्हवी. जान्हवीचे वडील मंठ्याच्या तहसील कचेरीत होते. सुट्टी लागली की ती कोकरं बघायला वस्तीवर यायची आणि संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

"मोठी आजी खोटं बोलत न्हाई," बिरू म्हणाला. "शिव्या देती, पण खोटं न्हाई."

रेणुकाच्या मोबाइलमध्ये सिनेमा होता आणि व्हिएन्नाचा फोटोही होता. गाईडने छत्री उंच धरून 'हीच ती गल्ली' असं सांगितल्याबरोबर पप्पा नायकासारखे हात पसरून धावले होते, आणि मम्मी ओळख नसल्यासारखी दुसरीकडे बघत उभी होती. रेणुकाने आधी फोटो दाखवला, मग सिनेमातली गल्ली दाखवली.

फोटोतल्या भिंती पिवळ्या, गुळगुळीत. सिनेमातल्या भिंती उघड्या विटांच्या. फोटोत दारं, दुकानं, कुंड्या. सिनेमात एकच बेकरीची पाटी, आणि बाकी सगळी लांबच लांब भिंत.

"या गल्लीत दारंच न्हाईत," बिरू म्हणाला. "लोक घरात जातेत कुठून?"

"आणि खिडक्या बघ किती वर आहेत," रेणुका म्हणाली. "शिडी लावल्याशिवाय बाहेर बघता येणार नाही."

जान्हवीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "अशा खिडक्या मी रोज बघते. शिकवणीला जाताना. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामाला आहेत."

तिघांची डोकी मोबाइलवर एकमेकांना आपटली. जाळीतली एक मेंढी खोकली.

रेणुकाला आता आणखी एक गोष्ट खटकायला लागली. व्हिएन्नात तिच्या जॅकेटवर बर्फ पडला होता. पडला की पाणी. मानेतून आत उतरलं तेव्हा ती किंचाळली होती. सिनेमातल्या नायकाच्या खांद्यावरचा बर्फ वितळतच नव्हता. तो कोटाला लोंबत होता. तिने चित्र थांबवून मोठं केलं.

बिरू पुढे सरकला. त्याच्या घरी कापसाची वेचणी चालू होती. त्याच्या शर्टाला, केसाला, सगळीकडे कापूस चिकटलेला होता. पडद्यावरच्या पांढऱ्या पुंजक्यात एक काळपट दाणा होता. त्यावर त्याने बोट ठेवलं.

"ही सरकी हाय, कापसाची बी," तो म्हणाला. "बर्फात सरकी कुठून आली गं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं काळीपिवळी जीपमध्ये चेंगरून मंठ्याला पोचली. जिनिंग गावाबाहेर होतं. लांब विटांची गोदामं, गंजलेलं फाटक, आणि फाटकाआड खाटेवर वॉचमन मच्छिंद्र. झोपलेला.

फाटक वाजताच तो धडपडून उठला आणि आपण जागेच होतो असा चेहरा करून त्यांच्यावर खेकसला. आत साप आहेत, विंचू आहेत, मालकाचा हुकूम आहे, असं त्याने एका दमात सांगितलं. रेणुकाला कळलं, की हुकूम एकच आहे, तो म्हणजे झोपमोड करू नका.

जान्हवीने मोबाइल वर धरला. एवढ्या सापा-विंचवांत एकटा माणूस राखण कशी करतो, याची आपल्याला रील करायची आहे, असं तिने अगदी साळसूदपणे सांगितलं. मच्छिंद्रने पोट आत ओढलं. मग आपल्या बनियनकडे त्याची नजर गेली.

"थांबा, युनिफॉर्म घालून येतो. घर हे काय पलीकडंच हाय. आत जाऊ नका बरं."

तो वळला आणि तिघं आत गेली. फाटकाला कडी लावायची त्याला आठवणही राहिली नाही. असा पहारा.

दोन गोदामांच्या मधोमध एक अरुंद, फरसबंद बोळ होता. रेणुका बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. उंच खिडक्या होत्या. विटांच्या कमानी होत्या. दिव्याचा लोखंडी हात भिंतीतून बाहेर आलेला होता, दिवा मात्र नव्हता. तिने मोबाइलमधलं चित्र समोर धरलं. कमान कमानीवर बसली, खिडकी खिडकीवर बसली. कोपऱ्यातली एक फुटकी वीटसुद्धा होती तशीच होती.

बिरूने भिंतीवरच्या चुन्याचा पापुद्रा नखाने काढला. खालून निळी, वळणदार फिरंगी अक्षरं निघाली. सिनेमातल्या बेकरीची पाटी.

"व्हिएन्नाला जायला विमान लागतं म्हणून कोण म्हणालं?" बिरू म्हणाला. "जीपनं आलो की."

"गप्प उभं राह्यचं तिथंच."

मच्छिंद्र आला होता. युनिफॉर्मची बटणं वरखाली लागली होती आणि फसवणूक कळल्यामुळे चेहरा लाल झाला होता. त्याच्यामागे काठी टेकत एक म्हातारी येत होती. लेकाचं शूटिंग आहे म्हटल्यावर त्याची आई, चांगुणाबाई, चप्पल न घालताच निघाली होती.

मच्छिंद्रने पोलिसांचं नाव काढलं, आईबापांना फोन करतो म्हणाला. रेणुकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पप्पा सांगून इथे कधीच आले नसते.

"करा ना," ती म्हणाली. "हा घ्या माझ्या पप्पांचा नंबर. धरून ठेवलंय म्हणून सांगा."

मच्छिंद्र चक्रावला. अशी गुन्हेगार त्याने पाहिली नव्हती. पण फोन त्याने केला.

तोवर चांगुणाबाईने रेणुकाच्या मोबाइलमधली गल्ली बघितली होती. बघता बघता ती खुदकन हसली आणि फरसबंदीवरच फतकल मारून बसली. मग तिने जे सांगितलं, ते ऐकताना बिरूचं तोंड उघडं पडलं ते मिटलंच नाही.

*

अर्ध्या तासात धुरळा उडवत गाडी आली. शिवशंकर उतरायच्या आधी पुढच्या दारातून वच्छलाबाई उतरल्या.

"कोणता रे तो," त्यांनी फाटकातूनच सुरुवात केली, "माझी लेकरं धरणारा? आधी बटणं नीट लाव, मंग चोर धर."

मच्छिंद्रचा हात आपोआप बटणांकडे गेला. शिवशंकर रेणुकावर ओरडायला तोंड उघडत होता. पण त्या दोघांनाही मागे टाकून वच्छलाबाई बोळाच्या तोंडाशी गेल्या होत्या. त्यांनी भिंत पाहिली. कमानी पाहिल्या. मग खांद्यावरचा पदर त्यांनी डोक्यावर घेतला, जसा घरातलं मोठं माणूस समोर आल्यावर घेतात.

रेणुकाने पप्पांच्या हातात मोबाइल दिला आणि एकेक गोष्ट दाखवली. खिडक्या, दिव्याचा हात, फुटकी वीट, निळी अक्षरं. शेवटी व्हिएन्नाचा फोटो. शिवशंकर कधी भिंतीकडे बघायचा, कधी फोटोत हात पसरून धावणाऱ्या स्वतःकडे. त्याचे कान लाल झाले.

"गल्ली ही असेल," तो अखेर म्हणाला. "मानलं. पण माणूस? माय, बाबांना मिशी होती. सबंध जन्म होती."

चांगुणाबाई बोलायला पुढे सरकली. रेणुकाने तिचा हात दाबला. हे आजीनेच बोलायला हवं होतं.

वच्छलाबाईंनी बोळावरची नजर हलवली नाही.

"न्हवती," त्या म्हणाल्या. "एक साल न्हवती. तू माझ्या पोटात होतास तवा."

त्या साली सुगीनंतर ते जिनिंगच्या कामाला म्हणून मंठ्याला गेले होते आणि परत आले ते सपाट ओठ घेऊन. घरात वडील धडधाकट जिवंत. बाप मेल्यावर मिशी काढायची, तर यांनी बाप जिता असताना काढली. वस्तीत बोभाटा झाला. म्हातारा लेकाच्या ताटाला ताट लावून जेवेना. गॅसबत्तीचा भडका उडाला आणि मिशी जळाली, एवढंच ते सांगायचे.

"ओठाला डाग न्हाई, भुवईचा केस जळाला न्हाई, आन् मिशी तेवढी जळाली म्हणे," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला काय कळत न्हवतं? पण सगळ्यांसमोर मी ठासून सांगितलं, की व्हय, भडका उडाला, मी वास घेतलाय. माझ्या माणसाला कुणी हसलेलं मला चालत न्हाई. मंग तुला कशी सांगू रे, की तुझ्या बापाची मिशी गेल्ती?"

आता मात्र चांगुणाबाईला राहवेना.

"अगं बाई, गेली न्हाई, भादरली," ती म्हणाली. "ह्याच बोळात. मी कापूस निवडायला होते. सिनेमावाल्यांना उंच माणसं पाह्यजे होती, लांबून गोरी दिसायला. पावडर फासली, कोट घातला आन् मिशी काढा म्हणले. तुझा माणूस तीन वेळा उठून गेला. मंग ते म्हणले, विमानातून तिकडं जाऊन जे दिसतं ते सगळं तुला हितंच दाखवतो, ये. तवा बसला. सरकी काढलेली रुई उधळली, ती संपली तर सरकीसकट कच्चा कापूस उधळला. साहेबावानी चाल म्हणून ते ओरडून दमले, पण ह्याची छत्री दर बारीला खांद्यावर. मेंढरामागं चालल्यासारखा."

 वर खिडकीत चिमण्यांनी गोंधळ घातला होता.

वच्छलाबाईंच्या खांद्याला आधी हलका हिसका बसला. रेणुकाला वाटलं, आजी रडते आहे. पण आजी हसत होती. पदर तोंडात कोंबूनही हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सिनेमात गेल्ता," त्या म्हणाल्या. "आन् मी सबंध साल विचार करून राह्यले, की ह्या माणसानं कोणतं पाप केलंय."

शिवशंकर आईजवळ जाऊन उभा राहिला. पुण्यात शिकलेलं काही या कामाचं नव्हतं.

"माय, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुझं डोकं फिरलं समजलो."

"डोकं माझं बराबर हाय. तुझं तपासून घे. परमुलखात जाऊन कुणाच्याबी गल्लीत पळत व्हतास." मग त्यांनी वर बघितलं. "पेटी खाली ठेवशील का आता?"

"ठेवतो. मेंढरंही राहू देत."

"मेंढरं तुझी न्हवतीच. त्याला परवानगी कशाला?"

मच्छिंद्रने मान डोलावली, कारण डोलावणं सुरक्षित होतं. मुलं हुशार आहेत, असंही तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी आधी सांगून यावं, म्हणजे बटणं नीट लावता येतील. शिवशंकरने तिघांच्या पाठीवर थाप मारली. चाळीस माणसांकडून जे झालं नसतं ते तुम्ही केलंत, असं तो म्हणाला. बिरू लाजून दुसरीकडे बघायला लागला. वच्छलाबाईंनी तिघांना जवळ ओढलं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि वर सांगितलं, की न विचारता जीपमध्ये बसलात याचा हिशेब घरी गेल्यावर होईल.

निघायची वेळ झाली तरी त्या जागच्या हलेनात. फरसबंदीवर, नेमक्या दिव्याच्या लोखंडी हाताखाली त्या बसल्या आणि बिरूला जवळ बोलावलं. बिरूने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कापसाच्या बर्फातून तो उंच माणूस आला, दिव्याखाली वळला, आणि बोळाच्या टोकाशी दिसेनासा झाला.

शिवशंकरने गाडीची किल्ली काढली. "चलायचं का, माय?"

"दम धर जरा," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मोबाइलवरच होती. "बिरू, बोलाव रे त्यांना माघारी. मला अजून पुरतं बघू दे."