काचेपलीकडचा माईक

ही गोष्ट खरी आहे. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि माझा साडू कल्पनाशक्तीसाठी प्रसिद्ध नाही.

वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. पण रेकॉर्डिंग स्टुडिओला खिडक्या नसतात. आत दुपार काय नि रात्र काय, अंधार सारखाच.

स्टुडिओ मूळचा आमच्या सासऱ्यांचा. ते गेल्यावर साडूकडे आला. साडूला घरात सगळे कानसेन म्हणतात. हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. कौतुकाने नव्हे.

ते हयात असताना कानसेन माईक लावायचा. सासरे मुकाट उठायचे, तो अंगठ्याएवढा सरकवायचे आणि परत येऊन बसायचे. बोललेच तर एवढंच, "जावईबापू, ऐकू सगळ्यांनाच येतं."

त्यांच्या माघारी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. धाकटा मेहुणा फर्निचरच्या गोदामासाठी खोल्यांची मापंही घेऊन गेला होता. उरला होता एक गिटारवाला. त्याचा पूर्ण अल्बम व्हायचा होता. तो गेला की शटर खाली.

कानसेनचं गिटारवाल्यांविषयी मत ठरलेलं. गिटारला तारा सहा, डोक्यात एकही जोडलेली नाही.

गिटारचा आवाज बाहेर फेकणारा स्पीकरचा खोका, म्हणजे अ‍ॅम्प, काचेपलीकडच्या बंद खोलीत होता. कानसेनने माईक त्याच्या जाळीला जवळजवळ टेकवला. स्पीकरच्या बरोबर मध्यावर. जड दार लावून तो अलीकडे आला आणि दोघांनी हेडफोन चढवले.

गिटारवाल्याने वाजवलं.

"पत्रा वाजतोय," तो म्हणाला.

बोटं तुमची आहेत, असं कानसेनने त्याला ऐकवलं. त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला की आज जमलं नाही तर उद्यापासून दुसरा स्टुडिओ.

त्याने तारांवरून हात काढला. हेडफोनमध्ये फक्त रिकाम्या अ‍ॅम्पची घुं... ती कायम असतेच.

आणि ती घुं... मंद झाली.

बटणाला कोणी हात लावला नव्हता. अ‍ॅम्प आणि माईकच्या मध्ये कोणीतरी येऊन उभं राहावं, तशी ती दबली.

काचेपलीकडे कोणी नव्हतं.

मग... किर्र.

स्टँडचा स्क्रू सैल होताना होतो, तोच आवाज.

घुं पुन्हा मोकळी झाली. जणू मधलं माणूस बाजूला सरलं.

माईक मध्यावर नव्हता. कडेकडे सरकला होता. अंगठ्याएवढा.

गिटारवाला नखं बघत बसला होता. त्याने पुन्हा वाजवलं, आणि आवाज असा भरदार आला की तो स्वतःच दचकला. "मगाशी झोपला होतात का?" एवढीच त्याने पावती दिली.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. कानसेन चिडला. म्हाताऱ्याची खोड मरूनही गेली नव्हती. तो तरातरा आत गेला, माईक पुन्हा मध्यावर आणला आणि स्टँडच्या सांध्यावर टेपचे वेढ्यावर वेढे दिले.

"आता सरकवा," तो रिकाम्या खोलीला म्हणाला.

कोणी सरकवला नाही.

पत्रा परत आला. मग कानसेनने टेप उचकटून स्वतः माईक हलवून पाहिला. इकडे केला की पत्रा, तिकडे केला की गोधडीत गुंडाळल्यासारखा. मधली ती जागा काही सापडेना. गिटारवाल्याने गिटार पिशवीत घातली. चेन अर्ध्यावर आली.

कानसेनने हातापाया पडून त्याला चहाला पाठवलं. आत गेला. दार लावून घेतलं. सगळ्या संसारात जे कधी केलं नव्हतं, ते त्याने केलं.

"बाबा... जरा बघता का?"

घुं मंद झाली.

स्क्रू किरकिरला. त्याने डोळे गच्च मिटले होते, असं तो सांगतो.

अल्बम झाला. गेलेली गिऱ्हाइकं परतली. मेहुणा गोदामाचं नाव काढेनासा झाला. कानसेनचे कान उघडले म्हणून चहूकडे बोलबाला झाला, आणि तो मानही डोलवू लागला. रेकॉर्डिंगच्या आधी मात्र सगळ्यांना बाहेर काढून तो आत एकटाच जायचा. काय करतोस, विचारलं तर म्हणायचा, अनुभव.

मागच्या आठवड्यात त्याने नेहमीसारखं विचारलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा विचारलं. घुं स्वच्छ. स्क्रू गप्प.

सुटलो, असं त्याला वाटलं. अलीकडे येऊन त्याने तसंच रेकॉर्डिंग उरकलं आणि गिऱ्हाईक गेल्यावर, एकटाच टेबलाशी बसून, ते मोठ्या स्पीकरवर लावलं. पत्राच होता. त्याला चालणार होता.

आणि टेबलावरच्या स्पीकरचा आवाज... दबला.

काचेच्या अलीकडे.

त्याच्या समोर.

मग हनुवटीला दोन गार बोटं लागली. जोर अजिबात नव्हता. बोटांनी त्याचं डोकं किंचित डावीकडे वळवलं.

पत्रा भरदार झाला.

तेव्हापासून कानसेनची मान डावीकडे झुकलेली असते. डॉक्टर म्हणतात, मानेत काही नाही. सासरे माझेही असल्यामुळे मी या प्रकरणात फार खोलात जात नव्हतो. पण परवा जेवताना राहवलं नाही. म्हटलं, अरे, सरळ करून तर बघ.

मीही गिटारवालाच असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"केली होती," तो म्हणाला. "परत फिरवतात."