माझ्या मॅचला न येणारा पंच

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या बॉलमागे धावत होता.

आमच्या कॉलेजच्या पार्किंगला चांगलाच उतार आहे. मी घाईघाईत बॉलची जाळी स्कूटरवरून खसकन ओढली आणि ती फाटली. झालं! सगळे बॉल टणाटण उड्या मारत गाड्यांच्या मधून सुटले. मी एक धरते तर दोन निसटतात. तेवढ्यात खालून एक उंच माणूस काही बॉल पायाने अडवत, दोन काखेत दाबत वर आला.

"फार द्वाड आहेत हो तुमची पोरं," तो धापा टाकत म्हणाला.

"माझ्या पोरी आत वॉर्म-अप करतायत. ही त्यांची खेळणी."

"अच्छा... म्हणजे नव्या हेड कोच तुम्हीच!"

त्याच्या केसांत कुठलंसं वाळकं पान अडकलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. डोळे हसरे. मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? तिथल्या तिथेच आवडला.

"मॅच बघायला थांबणार ना?" मी विचारलं.

"थांबावंच लागेल," तो म्हणाला. का ते दहा मिनिटांनी कळलं. हॉलमध्ये आला तो राखाडी शर्ट, काळी पँट आणि गळ्यात शिट्टी घालून. साहेब त्या मॅचचे पंच होते.

हेड कोच म्हणून ती माझी पहिलीच मॅच. आठ वर्षं मी याच बास्केटबॉल टीमची असिस्टंट होते. पाण्याच्या बाटल्या भरल्या, मुलींच्या घोट्यांना टेप बांधल्या, आणि मोठ्या मॅडम निवृत्त होईपर्यंत तोंड मिटून बसले. आता तोंड उघडायची पाळी माझी होती. ती मी अशी काही साधली, की दुसऱ्याच क्वार्टरमध्ये त्याने माझ्यासमोर उभं राहून शांतपणे दोन्ही हातांनी खूण केली — टेक्निकल फाउल. कोचने पंचावर तोंड सोडलं की ही शिक्षा, आणि समोरच्या टीमला एक फुकटचा फ्री थ्रो.

"आत्ता तर बॉल उचलून देत होतात!" मी पुटपुटले.

"तेव्हा तुम्ही माझ्या आईवडिलांचा उद्धार केला नव्हता, मॅडम," तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यात मात्र हसू होतंच.

मॅच आम्ही जिंकलो. मॅच संपल्यावर कोचने पंचाशी हात मिळवायचा, ही रीत. त्याने माझा हात धरला आणि... सोडायला जरा उशीरच केला. किंवा मीच केला असेन.

मग तो सीझन असाच रंगत गेला. आमच्या मॅचला बहुतेक वेळा तोच. मुली त्याला 'शिट्टी' म्हणायच्या. मी रागाच्या भरात कोचसाठी आखलेल्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं, की तो धावता धावता शेजारून जाताना म्हणायचा, "मॅडम, पाऊल."

"कुणाचं?"

"तुमचं. फार सुंदर पडलंय, पण बाहेर पडलंय."

आता सांगा, असल्या माणसावर ओरडायचं तरी कसं? आणि ओरडल्यावाचून राहायचं तरी कसं?

— आणि एके दिवशी तो यायचाच बंद झाला.

एक मॅच झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दरवेळी नवाच पंच. माझी असिस्टंट म्हणजे छोटी. साडेपाच फूट उंच आहे, पण बास्केटबॉलच्या हॉलमध्ये ती छोटीच. तिने बातमी आणली. "मॅडम, शिट्टी हल्ली नदीपलीकडच्या कॉलेजच्या मॅचेस घेतो. सगळ्या."

नदीपलीकडचं कॉलेज! म्हणजे ब्लेझरबाई.

ही बाई मॅचला पांढराशुभ्र ब्लेझर घालून येते. मॅच संपते तेव्हाही तो पांढराशुभ्रच असतो. केसाचा एक धागा इकडचा तिकडे नाही. मी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत घर रंगवून आल्यासारखी दिसते. तिची टीम सलग तीन वर्षं चॅम्पियन. तेही मी सोसलं असतं हो... पण हे?

"मी त्यांचा बचाव अभ्यासायला जातेय," असं छोटीला सांगून मी त्यांच्या मॅचला जाऊन बसले. छोटीने "बरं" म्हटलं, पण असं म्हटलं की एखादीने "खोटारडी" म्हणावं. बचाव मी पाहिलाच नाही. मी पाहिलं ते एवढंच, की टाइमआउटमध्ये ब्लेझरबाई त्याला काहीतरी म्हणाली आणि तो हसला. दात दिसेपर्यंत हसला! माझ्या मॅचला हा माणूस ओठांच्या कोपऱ्यात हसायचा, आणि इथे बत्तिशी?

मॅचनंतर दोघं कॅन्टीनमध्ये समोरासमोर कॉफी पीत बसलेली. मी खांबाआड. माझं वय पाहता शोभणारी गोष्ट नव्हे, पण उभी होते खरी. आणि तिने हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरचा एक सुटा धागा अलगद तोडला. धागा! अहो, बायको तोडते धागा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सरावात मी पोरींना पळव पळव पळवलं. शेवटी कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, आमचं चुकलंय तरी काय?"

"ढिलाई!" मी कडाडले. "आपला माणूस मोकळा सोडायचा, आणि दुसरीने नेला की बोंबलायचं!"

छोटी तोंडावर टॉवेल धरून खोकायला लागली.

त्याच आठवड्यात तो मला हॉलच्या बोळात भेटला, अगदी समोरासमोर. पळवाट नव्हती, त्यालाही आणि मलाही.

"हल्ली दर्शन दुर्लभ झालंय," मी म्हणाले.

"ड्यूटी जशी लागेल तसं..." तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"बरी लागते ड्यूटी, नेमकी तिकडेच!"

"तिकडे म्हणजे?"

"जिकडे पांढरे ब्लेझर असतात तिकडे."

त्याने चटकन वर पाहिलं. काहीतरी बोलणार होता. कान लालबुंद झाले होते. "मॅडम... तुम्ही रागावलात?"

"मी? मी कशाला रागावू? मला काय पडलंय!"

"हो... तेही खरंच," तो म्हणाला, आणि बाजूने निघून गेला. त्याचा चेहरा असा उतरला की माझंच मला वाईट वाटलं. पण जीभ टाळ्याला लावून मोकळी झाले होते. आता काय उपयोग?

पुढे आम्ही सेमीफायनल जिंकलो. आठ वर्षांत पहिल्यांदा आमचं कॉलेज फायनलला! मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी मात्र मॅचेसच्या फळ्याकडे बघत होते. फायनल कुणाशी? नदीपलीकडच्या कॉलेजशी. आणि फायनलचा मुख्य पंच म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं — शिट्टी. अकरा वर्षं लहानसहान मॅचेस घेत तो इथवर आला होता. फायनल त्याची पहिलीच.

माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र. ती, तो, आणि मध्ये तो मेला धागा.

मी तडक पंच समितीच्या सचिवांकडे गेले. म्हातारे, पूर्वीचे नामवंत पंच. सगळे त्यांना काका म्हणतात. ते टेबलावर शिट्ट्या मांडून एकेक धुवून पुसत बसले होते.

"काका, माझी तक्रार आहे. फायनलला तो पंच नको. त्याचं आणि त्या कोचबाईंचं... काहीतरी आहे."

काकांनी शिट्टी खाली ठेवली. "काहीतरी म्हणजे काय?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय! तिने त्याच्या बाहीचा धागा तोडला."

"अगं, ती बाई माझ्याही कोटाचे धागे तोडते. तिला सुटा धागा दिसला की राहवत नाही." काका माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले. "आपला नियम ठाऊक आहे ना तुला? पंचाचं एखाद्या टीममधल्या कुणाशी नातं असेल, वैर असेल, किंवा मन गुंतलं असेल, तर त्याने आपणहून येऊन सांगायचं आणि त्या टीमची मॅच घ्यायची नाही."

"तेच म्हणते मी! त्याने सांगायला नको होतं?"

"सांगितलंय की."

"सांगितलंय? कधी?"

"झाले दोन-अडीच महिने. इथेच उभा होता, तू उभी आहेस तिथे. म्हणाला, काका, मला त्या टीमच्या मॅचेस देऊ नका. माझं लक्ष बॉलवर राहत नाही, कोचकडे जातं."

"मग तुम्ही तरीही त्याला तिच्या मॅचेस कशा—"

"तिच्या नाही गं, बाई!" काकांनी कपाळावर हात मारला. "तुझ्या! तुझ्या टीमच्या!"

मी खुर्चीत बसले. म्हणजे खुर्ची होती म्हणून बरं.

"पण काका... आमच्यात तर काहीच नाही."

"मीही हेच विचारलं त्याला. तर म्हणतो, तिच्याकडून नाही. माझ्याकडून आहे."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे दोन-अडीच महिने मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते, तो माझ्यापायी माझ्यापासून लांब राहिला होता! आणि मी त्याला म्हणाले होते — मला काय पडलंय.

"आता आलीच आहेस तर ऐक," काका गंभीर झाले. "तुझी टीम फायनलला आली, म्हणजे तो बाद. मघाशीच येऊन फायनल परत करून गेला. पण मला तोच हवाय. त्याच्यासारखा पंच माझ्याकडे दुसरा नाही. तू कोच आहेस. तू म्हणालीस, आमच्यात काही नाही, माझी हरकत नाही, तर नियमात सूट आहे; मी त्याला उद्या उभा करतो. एक शब्द बोल आणि त्याची फायनल त्याला मिळते."

"मला... विचारून येऊ दे," मी म्हणाले.

तो हॉलमध्ये एकटाच होता. फायनलसाठी बास्केटची जाळी बदलत होता. शिडीवर उभा, हात वर. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"खाली या."

"मॅडम? दोन गाठी राहिल्यात..."

"खाली ये!"

तो आला. 'या'चं 'ये' झालेलं त्याच्या नीट लक्षात आलं होतं.

"काकांनी सांगितलं सगळं," मी म्हणाले. तो पुन्हा कानापर्यंत लाल. "मी नुसतं म्हटलं की आमच्यात काही नाही, तर फायनल तुझी. अकरा वर्षं वाट पाहिलीस. म्हणून टाकते मी तसं. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

"मग म्हण." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "खरं असेल तर म्हण."

मी तोंड उघडलं. ते वाक्य तोंडात तयार होतं, पण बाहेर येईना.

"आधी एक सांग," मी म्हणाले. "कॅन्टीनमध्ये काय चाललं होतं तिच्याबरोबर?"

तो खो खो हसला. बत्तिशी! अखेर माझ्या वाट्याला आली. "तिने मला नाटकाला येतोस का म्हणून विचारलं."

"बघ! म्हणजे विचारलंच होतं ना! मला ठाऊकच होतं!"

"आणि मी नाही म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, कोण आहे ती? मी सांगितलं. तर म्हणते, ती? ती तर तुला कच्चा खाईल."

"खाईनच," मी म्हणाले. "पुन्हा बाहीला हात लावू दिलास तर." आणि मग माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "नाही म्हणता येत मला. काहीच नाही, असं नाही म्हणता येत. आहे रे... माझ्याकडूनही आहे. मी काय करू?"

माझे दोन्ही हात त्याने हातात घेतले.

"गेली तुझी फायनल," मी रडत म्हणाले.

"गेली," तो म्हणाला. "आणि इथून पुढे मला फायनल मिळायची, तर आधी तुला हरावं लागेल."

"मग विसर!"

"वाटलंच होतं."

काकांना मी एवढंच सांगितलं, "काका, दोन्हीकडून आहे." त्यांनी एक उसासा टाकला, हसले, आणि दुसऱ्या पंचाला फोन लावला.

फायनलच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. तो आला, साध्या चेकच्या शर्टात. दाराशी जरा घुटमळला. ब्लेझरबाईने त्याला पाहिलं आणि आपल्या बेंचमागच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. हो, अजूनही! या माणसाने अकरा वर्षांत कुठल्या टीमच्या बेंचपाशी घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. त्याने तिला मान लवून नमस्कार केला. मग सगळ्या पंचांच्या, सगळ्या कोचेसच्या देखत हॉल ओलांडून तो आमच्या बाजूला आला आणि माझ्या बेंचमागे, मुलींच्या आयांच्या रांगेत बसला. कप्तानच्या आईने आमचा निळा झेंडा त्याच्या हातात दिला. पहिल्यांदाच कुणाचं तान्हं बाळ धरावं, तसा त्याने तो धरला. समोर ब्लेझरबाई खाली बघून बाहीवर नसलेला धागा शोधत होती. मला तिची जराशी दया आली. जराशीच.

मुख्य पंच मध्यभागी गेला. मुली उभ्या राहिल्या. मी सहज मागे पाहिलं, तर सवयीने त्याचा हात गळ्याशी गेला होता. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

"वाईट वाटतंय?" मी नुसत्या ओठांनी विचारलं.

त्याने खोटं सांगितलं नाही. "हो," त्याने मान हलवली. आणि मग झेंडा दोन्ही हातांनी उंच धरला.

मी वळले. ती मॅच हरणं मला परवडणारंच नव्हतं.