गार बॉनेट

"पोरी, आधी बॉनेटवर हात ठेव. मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल, तर तो काहीतरी लपवतोय."

ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बाबांचा हा आवाज तिच्या कानात होता. आता बाबा नव्हते, आणि जुन्या गाड्या तपासून द्यायचं त्यांचं काम तिच्या हातात आलं होतं.

डॉक्टरकाकांना ही लांबलचक, काळी, ऐटबाज गाडी घ्यायची होती. तिने बॉनेटवर तळवा टेकवला... गरम.

"मास्तर, भर दुपारी कुठे फिरून आलात?"

"कुठे नाही." मालक शाळेत गाणं शिकवायचा, गाडी त्याच्या वारलेल्या मामांनी मागे ठेवलेली. "माझा पगार हिच्या पेट्रोलच्या वासातच संपतो हो."

"गार इंजिन सुरू होताना कण्हतं का, ते ऐकायचंय. म्हणजे आता थांबणं आलं."

"थांबा की. चहा टाकतो."

तिने बॉनेट उघडून आत पाहिलं, अलगद मिटलं. मग पायरीवर चहा, बेसूर पोरांच्या नकला, तिचं पोट धरून हसणं... इंजिन कोमट असतानाच दिवे लागले. काम पुढच्या रविवारवर गेलं.

त्या रविवारी पुन्हा गरम. तिने बॉनेट उघडून पाहिलं, पुन्हा मिटलं. इतका गोड माणूस — आणि लबाड? चहा हातातच गार झाला, पण पायरीवरून उठवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सकाळीच काकांनी बजावलं, "आज हो की नाही, ते सांग बाई."

तिने भीतभीत हात ठेवला. गार. दवाने ओलं. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या हाकेला जागी झाली, ना खोकला ना कण्हणं. तिने खाली वाकून पाहिलं, तेल पाहिलं. कुठे खोट नव्हती.

"मग गरम का करून ठेवत होतात? मी तर तुम्हाला..."

"लबाड समजलात?"

"हो."

"पहिल्यांदा बॅटरीची धास्ती होती, म्हणून चालू करून पाहिली. दुसऱ्यांदा..." तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही थांबावं म्हणून. काल डॉक्टरांचा फोन आला, आज तुमच्या शब्दाचा प्रश्न होता. आज नाही केली."

ती फडक्याने हात पुसत राहिली, केव्हाचे स्वच्छ झालेले हात.

"मास्तर, बॉनेट उघडं ठेवलं ना, की इंजिन लवकर गार होतं."

"मग?"

"दोन्ही वेळा मीच मिटलं होतं."