शंगुकुप्पमचे गोरे

हे कुणाला सांगायचं नाही, असं धनमच्या आईने मला बजावलं होतं. पण चारू, तू पाहुणी. पुण्याला निघून जाशील. दिवा जरा जवळ घे.

पोंगलच्या सुट्टीत मी वर्गातल्या धनलक्ष्मीच्या, म्हणजे आमच्या धनमच्या, गावी गेले होते. एन्नोरच्याही पुढे, समुद्रकाठच्या शंगुकुप्पमला. इतिहासाच्या बाईंनी एखाद्या जुन्या गावाची माहिती आणायला सांगितली होती, एवढंच काम. धनमला गावाचा भारी अभिमान. वाळूतलं गोऱ्यांचं जुनं दगडी घर दाखवत ती म्हणाली, "आमचे गोरे काही कलेक्टर नव्हते गं. स्कॉटलंडचे कोळीच होते. पिंपात मासे खारवायला त्यांनी शिकवलं आम्हाला."

"मग गेले कुठे?"

"एका सकाळी होडी घेऊन गेले. धुकं पडलं. हाक मारायला त्यांच्या घरची बाई कुठे होती इथे?"

मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी समुद्र दिसतच नव्हता. नुसती लाटांची धाप ऐकू येत होती. धनमचे वडील पहाटेच कट्टुमरम, ओंडके बांधून केलेली त्यांची होडी, घेऊन गेले होते. किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. प्रत्येकीने फक्त आपल्या घरच्या माणसाला हाक मारायची, तीही नाव न घेता. "आमच्या घरचा, ये!" त्या आवाजाच्या रोखाने तो येतो. दुसऱ्याच्या माणसाला कुणी हाक मारत नाही.

एकेक होडी आली, एकेक बाई घरी गेली. आम्ही तिघीच उरलो. धनमच्या आईचा घसा तापाने पार बसला होता. धनम इतकी रडत होती की तिच्या तोंडून शब्द फुटेना.

तिच्या आईने माझा दंड धरला. "काल आमची कांजी प्यालीस ना? मग आमच्या घरचीच तू. मार हाक..."

मी! जिला हजेरीलाही बाई "जरा मोठ्याने" म्हणतात, ती मी. घाबरून तमिळ शब्दच सुचेनात. मग रात्री पानं वाढल्यावर अम्मा आपल्या मराठीत मारते, तीच हाक तोंडातून निघाली.

"सगळे या!"

आवाज पाण्यावरून लांब गेला. माझ्याकडे असा आवाज आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी पुन्हा ओरडले, पुन्हा, पुन्हा. घरी गेलेल्या बायका परत येऊन ऐकत राहिल्या.

आणि धुक्यातून धनमचे वडील आले. ओले, हसत. "अय्यो, कुणाचा गं हा गळा? रामेश्वरला निघालेला माणूसही मागे वळेल!"

धनमने त्यांना मिठी मारली. माझी मान ताठ झाली. मी आणलं होतं त्यांना.

"तू... तुझ्या भाषेत काय म्हणालीस?" धनमच्या आईने विचारलं.

मी सांगितलं. माझ्या दंडावरचा तिचा हात गळून पडला.

"सगळे...?"

तेव्हाच पाण्यातून आवाज आला. लोखंडी कडीत वल्हं फिरल्याचा. कट्टुमरमला तसली कडी नसते. मग वास आला, भिजलेल्या लोकरीचा. अप्पांच्या उटीच्या स्वेटरला येतो तसा. दिसत कुणीच नव्हतं. पण ओल्या वाळूवर खिळ्यांच्या बुटांचे ठसे उमटत होते. एकामागून एक, पाण्यातून वर... थेट माझ्यासमोर येऊन थांबले.

"मागे न बघता चल," धनमची आई पुटपुटली.

चारू, भीती वाटतेच गं. पण अभिमान त्याहून जास्त वाटतो. इतकी वर्षं ज्यांना कुणी बोलावलं नाही, ते माझ्या आवाजावर वळले. त्यांना घरी यायचं होतं, आणि मी या म्हटलं, म्हणून ते—

"अंबुजा! बाहेर ये गं," दारातून अम्माची हाक आली. "कोण लोक आलेत बघ. नखशिखांत भिजलेत बिचारे... पाऊस तर कुठेच नाही..."