एक मागे राहतं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. नववीत शाळा सोडली आणि मामाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलो. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतल्या काकू दोन लॅपटॉप घेऊन आल्या, एक बंद पडलेला आणि एक नवा. काका जाऊन दोन महिने झाले होते. काकूंना जवळजवळ दिसत नाही, म्हणून काका रोज पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून ठेवायचे. ते सगळं बंद लॅपटॉपमध्ये अडकलं होतं.

"नव्यात उतरवून दे बाळा," काकू म्हणाल्या. "एकसुद्धा मागे राहायला नको. तेवढाच उरलाय यांचा आवाज."

"हो काकू. आणि जुनी डिस्क...?"

"भोकं पाडता ना तुम्ही? पाड. पण आधी मोजून घे."

ही मामाची पद्धत. काम झालं की जुन्या डिस्कला ड्रिलने तीन भोकं पाडायची, म्हणजे कुणाच्या घरातलं भलत्याच्या हाती लागत नाही.

डिस्क बाहेर काढून वायरने नव्या लॅपटॉपला जोडली. जुन्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल, अशी सोय केली. आत नऊशे बारा रेकॉर्डिंग होती. एक लावून पाहिलं. काका दोनदा खोकले, "ऐकतेस ना?" म्हणाले आणि वाचू लागले.

डिस्क टक् टक् करत होती, म्हणजे तिचे दिवस भरले होते. कॉपी लावली. 'दहा मिनिटं बाकी' म्हणता म्हणता 'चार तास बाकी' झालं. वायर सैल होती, तिच्याखाली पुठ्ठा सरकवला. निम्म्यावर आलं आणि नव्या लॅपटॉपला मध्येच बंद होऊन चालू व्हायची हुक्की आली. पुन्हा पहिल्यापासून.

"डोळे वटारून ती लवकर होणार आहे का?" मामा म्हणाला आणि बाहेरच्या कामाला निघून गेला.

झालं एकदाचं. मोजलं, तर नऊशे अकरा. एक कमी! नव्यातलं सगळं पुसून परत लावलं. या वेळी नऊशे बारा आली. हुश्श केलं आणि सवयीने जुनी डिस्क पाहिली. तिच्यात नऊशे तेरा होती.

माझंच मोजायला चुकलं असेल म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा लावलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. दुकानात गरम प्लॅस्टिकचा वास होता आणि त्याच्यामागे जुन्या पुस्तकासारखा कसलातरी. आमच्याकडे एक पुस्तक नाही.

नव्यात नऊशे तेरा, जुन्यात नऊशे चौदा.

नव्यातलं शेवटचं लावलं. आधी पंख्याची खरखर ऐकू आली. आमच्याच पंख्याची. मग माझा आवाज, "हो ना बाबा एकदाचं..." आणि मग अगदी जवळ दोन खोकले.

"झालं का?"

मी वायर उपटली. डिस्कला माईक नसतो हो...

"झालं का?" लॅपटॉप न्यायला आलेल्या काकूंनी दारातून विचारलं. मी खुर्चीवरून उडालोच.

"झालं काकू. सगळं आलं."

त्यांनी लॅपटॉप छातीशी धरला आणि भिंतीला हात लावत लावत निघून गेल्या. मला स्वतःचा राग आला, डिस्कचा त्याहून जास्त. अख्खा दिवस खाऊन वर खोटं बोलायला लावलं तिने. ड्रिल घेतलं आणि एकापाठोपाठ तीन भोकं पाडली. तिसऱ्या भोकापर्यंत टक्... टक्... चालू होती. वायर मी केव्हाच काढली होती.

सकाळी दुकान न उघडता काकूंच्या घरी गेलो.

"काकू, एक रेकॉर्डिंग मागे राहिलं. मी खोटं बोललो."

"नाही रे, राहिलं कुठे? सगळी ऐकायचा धीर नव्हता, म्हणून शेवटचंच लावलं. त्यात हे वाचतच नाहीत. हा कसला आवाज आहे, सांग बरं."

त्यांनी चाचपडत बटण दाबलं.

ड्रिल. पण बाहेरून ऐकू येतं तसं नाही... आत बसून ऐकल्यासारखं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. थांबलं. पुन्हा. मग दोन खोकले.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय हो," काकू लॅपटॉपकडे बघून हसल्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एकेक करून मोजली. दोनदा मोजली. नऊशे चौदा.

"सगळं आलंय ना बाळा?"

"हो काकू," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.