पाइपामागची डबी

“पायात चप्पल असलेला माणूस बुटाची नाडी कशी बांधेल?” भिंगरीने विचारलं आणि गप्पू चक्क गप्प बसला.

गप्पू म्हणजे तिचा मामेभाऊ. झोपेतसुद्धा बडबडणारा. सुट्टीला आल्यापासून तो असा गप्प झालेला भिंगरीने पहिल्यांदाच पाहिला. ती दोघं आणि शेजारचा लंबू, मामाच्या लाँड्रीच्या माळ्यावर पालथी पडून खिडकीतून मागच्या गल्लीत बघत होती. खाली एक माणूस भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाशी वाकला होता. नाडी बांधायचं सोंग करत त्याने पाइपामागे हात घातला, काहीतरी बाहेर काढलं, पाठ वळवून त्याच्याशी खुडबुड केली, ते परत ठेवलं आणि शीळ घालत निघून गेला. सकाळी टोपीवाल्या एका बाईंनीही नेमकं हेच केलं होतं.

“इथे नक्की पाणी मुरतंय,” लंबू म्हणाला.

“पाइपच आहे तो, पाणी मुरणारच,” गप्पूला पुन्हा वाचा फुटली.

तिघं धडधड जिना उतरली, पण मागच्या दारात मामा आधीच उभा होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याच्यासमोर लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करणारे इस्त्रीकाका. काका रोजच्यासारखी गल्ली झाडायला बाहेर आले होते. एका हातात झाडू होता आणि दुसऱ्या हाताने ते एक छोटी पत्र्याची डबी पाइपामागे ठेवत होते.

मामाने डबी हिसकावून उघडली. आत एक किल्ली, एक निळा मणी, बोटाएवढा प्लास्टिकचा हत्ती आणि कागदाची एक पट्टी होती. पट्टीवर वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं : काळं घुबड, वाटचुकार, रानमांजर.

“टोळी आहे,” गप्पू कुजबुजला. “ही त्यांची टोपणनावं.”

मामाचा संशय आधीच बळावला होता. दोन-तीन दिवसांपूर्वी मागच्या खिडकीची कडी कुणीतरी वाकवलेली सापडली होती. त्यात आता ही किल्ली. काकांनी शांतपणे सांगितलं, की झाडताना ही डबी त्यांना बऱ्याच दिवसांपूर्वी दिसली होती. कुणा पोराचा खजिना असेल असं वाटून त्यांनी ती जागच्या जागी ठेवली. आज खाली पडली होती, म्हणून उचलली, इतकंच.

“पोराचा खजिना?” मामा म्हणाला. “आणि त्यात किल्ली? उद्यापासून येऊ नका तुम्ही.”

काकांनी अंगावरचा एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

काकांनी भिंगरीचं चुरगळलेलं चित्र कोमट इस्त्री फिरवून सरळ करून दिलं होतं. पण डबी त्यांच्याच हातात होती, हेही खरं. मन एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे. शेवटी तिने मामाने खणात टाकलेल्या डबीतली किल्ली मागून घेतली आणि लाँड्रीतल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहिली. एकालाही ती लागली नाही.

“मग ही उघडते तरी काय?” लंबूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा माळ्यावर. डबी मामाच्या खणात होती, तरी माणसं येतच होती. एक चष्मिष्ट तरुण आला, मोबाइलकडे बघत गोल गोल फिरला, कुंडी उचलून पाहिली, पाइपामागे चाचपलं, मग खिडकीच्या कडीला धरून वर चढून छज्जाही पाहिला. कडी करकरली.

“कडी वाकली ती अशी,” भिंगरी म्हणाली. “चोर नाही हा. चोर इतका आवाज करेल का? हे सगळे शोधतायत. म्हणजे डबी नेमकी कुठे आहे ते त्यांना माहीत नाही. पण ती ज्याने ठेवली, त्याला माहीत असणार. नाहीशी झाल्याचं कळलं, की तो बघायला येणारच. आणि तो असा चाचपडणार नाही, सरळ पाइपाशी जाईल.”

सरळ पाइपाशी जाणारा माणूस दुपारी आला आणि तिघांचे डोळे विस्फारले. ते होते समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेकाका, मामाचे जुने मित्र! कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून त्यांनी न बघताच पाइपामागे हात घातला. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी खिशातून तशीच दुसरी डबी काढली.

लंबू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. गप्पू मामाला बोलवायला पळाला. भिंगरी मात्र सावकाश चालत त्यांच्यापर्यंत गेली.

“काका, तुमचीच का ती डबी? निळ्या मण्याची?”

“छे गं, मणी नंतर कुणीतरी टाकला असेल. मी तर फक्त हत्ती...” आणि चष्मेकाकांनी जीभ चावली.

तोवर मामाही येऊन पोचला होता.

मग उलगडा झाला. तो एक खेळ होता. कुठेतरी डबी लपवायची, जागेची खूण इंटरनेटवर टाकायची आणि जगभरातल्या खेळाडूंनी मोबाइलच्या आधाराने, इतरांच्या नजरेत न येता ती शोधायची. सापडली, की आतल्या पट्टीवर आपलं टोपणनाव लिहायचं आणि हवं तर आतली वस्तू बदलायची. किल्ली कुणाच्या तरी जुन्या पेटीची असेल. डबी सापडत नसल्याचं आज कुणीतरी इंटरनेटवर कळवलं, म्हणून ते दुसरी घेऊन आले होते. इथे कपडे टाकायला येता-जाता डबीवर लक्ष ठेवता येईल, म्हणून त्यांनी हा पाइप निवडला होता. मामाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खेळणाऱ्यांखेरीज इथे कोण कशाला हात घालतंय, असं त्यांना वाटलं होतं.

“रोज झाडणारा घालतो ना,” भिंगरी म्हणाली. “खेळ तुमचा, पण काम गेलं इस्त्रीकाकांचं.”

चष्मेकाकांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. मामाने दुकानाचं शटर खाली ओढलं.

संध्याकाळी पाचही जण इस्त्रीकाकांच्या दारात उभे होते. मामाने माफी मागितली, चष्मेकाकांनीही मागितली. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं, पण चेहरा काही सैल केला नाही.

“मी खरं सांगितलं होतं,” ते मामाला म्हणाले.

“हो,” मामा म्हणाला. “मी ऐकायलाच तयार नव्हतो.”

भिंगरीला राहवेना. “काका, मलासुद्धा थोडासा संशय आला होता.”

काका पहिल्यांदाच हसले. “अगं, संशय कुणालाही येतो. तू तो तपासून पाहिलास. मोठ्यांना जमलं नाही ते.”

“पोरं हुशार निघाली,” चष्मेकाका म्हणाले. “आता डबी कुठे ठेवायची, ते हीच ठरवतील. आणि ज्याची जागा, त्याला आधी विचारूनच.” मामाने तिघांच्या पाठीवर एकेक थाप मारली. गप्पूला जरा जोरातच बसली, पण त्याने ती अभिमानाने सोसली.

सकाळी काका दुकानात आले. आदल्या दिवशी मामाने स्वतः इस्त्री केलेल्या शर्टांची चळत टेबलावर होती. काकांनी वरचा शर्ट उचलला, उजेडात धरला आणि एक लांब सुस्कारा सोडला.

“हे सगळं पुन्हा करावं लागणार,” ते म्हणाले आणि त्यांनी इस्त्री तापायला ठेवली.