मेलेल्या कंदाचं फूल

"माझं एक फूल होतं, ते मेलं," म्हातारा म्हणाला. "आज सकाळी ते मला प्रदर्शनात टेबलावर उभं दिसलं."

क्लाइव हॉबडेने चहाचा पेला खाली ठेवला. होबार्टच्या पोलीस ठाण्यात तीस वर्षं काढून त्याने नाही नाही त्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या, पण ही तऱ्हा नवीन होती. निवृत्तीनंतर तो खासगी तपास करणाऱ्या थीआ रेन्शॉबाईंकडे काम करत होता; त्याने त्यांच्याकडे पाहिलं. बाई हसल्या नाहीत.

"पहिल्यापासून सांगा, मिस्टर ट्रेमेन."

ऑल्बन ट्रेमेन सत्त्याहत्तर वर्षांचा होता. वॉटल फ्लॅट गावात राहायचा आणि पन्नास वर्षं डॅफोडिलचे संकर करत आला होता. कोटाच्या बाहीला बटण नव्हतं. ते गेल्याचं सांगायला घरात कुणी नसावं, असं क्लाइवला वाटून गेलं. बायको गेल्यापासून त्याच्या स्वतःच्या कोटाचीही तीच गत होती.

"पांढऱ्या पाकळ्या, मधली वाटी गुलाबी, आणि वाटीच्या काठाला केसाएवढी हिरवी रेघ. असं दुसरं नाही. बी पेरल्यापासून पाच वर्षांनी पहिलं फूल आलं. त्याला आता आठ वर्षं झाली. मी ते कधी प्रदर्शनात मांडलं नाही, कुणाला एक कंदही दिला नाही. भरपूर झाल्यावर मांडू म्हटलं. नऊपर्यंत आले होते."

"कुणी पाहिलं होतं?"

"मी. माझी बायको लॉर्ना. शेजारची विनी कॅड, ती लॉर्नाचं आजारपण काढायला यायची. आणि तो कंदांचा व्यापारी मॉरो. त्याने विकत मागितले, मी त्याला फाटकाबाहेर काढला."

"मग मेलं कसं?"

"डिसेंबरात उचलले, नऊ. शेडमध्ये वाळवले. लॉर्ना फेब्रुवारीत गेली, साडेतीन वर्षं झाली. मार्चमध्ये लावले, तेव्हाही नऊच. वहीत आहे. सप्टेंबरात वसंत लागला तरी आठ जागी काहीच उगवलं नाही. उकरलं तर बुडापासून कुजलेले. नवव्या जागी एक साधं पिवळं उगवलं, रस्त्याकडेला उगवतं तसलं. शोकात माझा हात चुकला असणार. उपटून फेकलं." त्याने खिशातून रुमाल काढला, पण नुसताच हातात धरला. "लॉर्ना अनाथाश्रमात वाढलेली. मागे-पुढे कुणी नाही. तिला मी आणि मला ती, एवढाच आमचा गोतावळा. त्या फुलाला तिचं नाव द्यायचं होतं."

"आणि आज?"

"आज ते 'नवे संकर' वर्गात पहिलं आलं. तीन दांडे. मांडणारा हॅमिश ड्रू." नाव घेताना त्याचा आवाज कोरडा पडला. "अकरा वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून त्याने माझं फूल खाली ओढलं. तेव्हापासून त्याने माझ्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. हे फूल त्याने बघितलेलंसुद्धा नाही! कुणीतरी चोरून त्याला दिलंय. सोमवारी तो ते स्वतःच्या नावावर नोंदवेल. मला चोर पाहिजे."

*

रविवारी सकाळी वॉटल फ्लॅटच्या हॉलमध्ये ओल्या हिरव्या दांड्यांचा वास भरून होता. टेबलांमधून बायामाणसं हळू आवाजात फिरत होती. त्या फुलाभोवती गर्दी होती. क्लाइवला फुलातलं काही कळत नसे, तरी तो थांबला. वाटीचा गुलाबी रंग थंडीत लाल झालेल्या नाकासारखा खराखुरा होता.

बाई मात्र फुलाखालचं कार्ड वाचत होत्या. "बघा, हॉबडे."

कार्डावर दोन ओळी होत्या. 'मांडणारा' यापुढे पेन्सिलीने, हात कापत लिहिलेलं: हॅमिश ड्रू. 'संकर करणारा' यापुढे निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: हॅमिश ड्रू.

"दोनदा तेच नाव," क्लाइव म्हणाला. "माणूस भलताच खूश दिसतोय स्वतःवर."

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे चिटणीसबाई निळ्या पेनाने पावत्या लिहीत होत्या. मग बाई मॉरोच्या टेबलाकडे वळल्या.

स्टॅनली मॉरो जाडजूड आणि बोलका होता. "मी चोरला? अहो बाई, तो कंद माझ्या हाती लागता तर मी त्याच्या फोडी करून प्रत्येकीतून नवा कंद काढला असता. एकाचे दोन वर्षांत शंभर! माझ्या विक्रीच्या यादीच्या पहिल्या पानावर झळकला असता, त्या ड्रूच्या तीन दांड्यांवर भागलं असतं होय?"

"ड्रूला विकला असेल," क्लाइव बाहेर आल्यावर म्हणाला.

"एकच कंद? आणि साडेतीन वर्षं तोंड मिटून? मॉरो?"

क्लाइवने तो विचार सोडून दिला.

*

विनी कॅडने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि न विचारता गरम स्कोनचे छोटे पाव पुढे केले. नवरा खाणीत दगावल्यावर ती क्वीन्सटाउनहून इकडे आली होती.

"चोरी? त्या घरात? म्हातारा रोज कंद मोजायचा हो. बायको खोकतेय आणि हा मोजतोय! वाईट नव्हता, पण ऐकायचा नाही कुणाचं."

"लॉर्ना शेडमध्ये जात असे?"

"जानेवारीत हट्टच धरला. मी खुर्ची नेऊन ठेवली. हातमोजे घालून बसायच्या, त्या चिकाने हात खाजतात ना. एकेक कंद बुडाशी दाबून बघायच्या, नासपती पिकली का बघतो तसं. म्हणाल्या, 'ऑल्बन, यातले काही मऊ लागताहेत.' तर हा काय म्हणाला ठाऊक आहे? 'तुझ्या बोटांत जोर उरलेला नाही, म्हणून तसं वाटतं. माझे कंद खाली ठेव.' " विनीने कपबश्या उगाच सरकवल्या. "ठेवले बिचारीने."

"तुम्ही त्यांची बाहेरची कामं करायचात?"

"कसली कामं! त्या काही सांगायच्याच नाहीत. एकदा फक्त पार्सल टाकायला सांगितलं. बहिणीला विणलेले मोजे पाठवायचे होते म्हणे. शिवून, पत्ता घालून तयार ठेवलेलं. मी टपालात टाकून आले."

"कुठल्या गावची बहीण?"

"चष्मा नव्हता माझ्याजवळ. आणि लोकांचे पत्ते कशाला वाचायचे?"

गाडीत बसताना क्लाइव म्हणाला, "बाई, माझा हिच्यावर डोळा आहे. घराची किल्ली हिच्याकडे असणार, वेळ हिच्याकडे. वरून गोड बोलते."

"स्कोन किती खाल्लेत?"

"चार."

"मग जरा उपकार आठवा," बाई म्हणाल्या आणि नदीपलीकडे गाडी घ्यायला सांगितली.

*

हॅमिश ड्रू उंच आणि वाकलेला होता. एकटा राहायचा. दोन्ही हातांना कंप होता. त्याने दोघांना घरात बोलावलं नाही.

"मी चोरी केलेली नाही. याउप्पर एक शब्द बोलणार नाही."

"सोमवारी फूल नोंदवणार आहात?"

"मी? छे!" तो पटकन म्हणाला आणि लगेच ओठ घट्ट मिटून घेतले.

"निदान वाफा तरी बघू द्या."

त्यावर तो बाजूला झाला. बाकी सगळी बाग ओळीत, दर दोन वर्षांनी उचलून मोकळी लावलेली. एका कोपऱ्यात मात्र चार काठ्यांवर सावलीचं कापड ताणलेलं होतं. त्याखाली एकच दाट झुपका होता. तीन कापलेले दांडे, एका वितीच्या आत. शेजारी एक उशिरा आलेली कळी.

"हा तुम्ही उचलून वेगळा केला नाहीत?" बाईंनी विचारलं.

ड्रूने नकारार्थी मान हलवली. वारा सुटला होता. क्लाइवला त्या रिकाम्या घराच्या खिडकीत एकच कप पालथा घातलेला दिसला आणि त्याने नजर वळवली.

*

चार वाजता प्रदर्शन संपलं. लोक आपापली फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. हॉलमध्ये ट्रेमेन खिडकीपाशी आणि ड्रू दारापाशी उभा होता. दोघांना बाईंनीच थांबवलं होतं. मध्ये टेबलावर ते तीन दांडे.

"चोर सापडला?" ट्रेमेनने विचारलं.

"चोर नाहीच," बाई म्हणाल्या. "बसा."

तो बसला नाही.

"आधी हे कार्ड. मिस्टर ड्रू पेन्सिलीने लिहितात, हात कापतो. 'संकर करणारा' ही ओळ मात्र शाईत आहे, दुसऱ्या हाताची. मी चिटणीसबाईंना विचारलं. ती ओळ कोरी होती, विसरले असतील समजून त्यांनी भरली. चोराने ती ओळ सगळ्यात आधी भरली असती. यांनी ती सोडली, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची मुभा नव्हती."

ट्रेमेनने प्रथमच ड्रूकडे पाहिलं.

"दुसरं, यांच्या बागेत एकच झुपका आहे. तीन फुलं एका वितीत. म्हणजे साडेतीन वर्षांपूर्वी तिथे एकच कंद लागला. चोर एक कंद नेऊन आठ मागे ठेवत नाही. आणि तिसरी गोष्ट तुम्हीच सांगितलीत. नऊ उचलले, नऊ लावले, आणि नववा निघाला साधा पिवळा."

"माझी चूक झाली म्हणालो ना."

"रोज कंद मोजणाऱ्या माणसाची? कुणीतरी एक काढला आणि मोजणी जुळावी म्हणून तिथे दुसरा ठेवला. मोजणी जुळली नाही तर तुमची झोप उडेल, हे त्या माणसाला ठाऊक होतं आणि ती उडू द्यायची नव्हती. चोर एवढी माया करत नाही."

क्लाइवच्या डोक्यात आता कुठे काहीतरी हललं. "ते मोज्यांचं पार्सल!"

"बरोबर, हॉबडे. लॉर्नाने बहिणीला पार्सल पाठवलं. पण लॉर्ना अनाथाश्रमातली, तिला बहीण नव्हती. विनी परगावची, तिला ते माहीत नव्हतं. जानेवारीत लॉर्ना एकेक कंद बुडाशी दाबून बघत होती. काही मऊ लागले, तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?"

ट्रेमेनने हाताने खुर्ची शोधली आणि तो बसला.

"कूज लागली हे तिला कळलं. सगळे एकाच वाफ्यात लागले तर सगळे जाणार. तुम्ही एकही बाहेर जाऊ देणार नाही. म्हणून तिने एक घट्ट कंद निवडला आणि तो जगवू शकेल अशा एकाच माणसाला पाठवला. तो माणूस तुम्हाला चालणारा नव्हता, त्याला तिचा इलाज नव्हता."

मग ड्रूने पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ट्रेमेनने तो डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत वाचला. मग बाईंना दिला. अक्षर आजारी माणसाचं होतं.

'हॅमिश, हा घट्ट आहे. बाकीच्यांची खात्री वाटत नाही. ऑल्बनचे जगले तर हा फेकून दे आणि बोलू नकोस. मेले तर त्याला दिसेल असा मांड. सांगायला जाऊ नकोस, तो दार लावून घेईल. लॉर्ना.'

"पुढच्याच वर्षी का नाही मांडलंस?" ट्रेमेनने विचारलं.

"एकच फूल होतं. एका फुलाला कोण बघतं? तू दरवर्षी येतोस, दहा मिनिटं उभा राहतोस आणि जातोस. तीन दांड्यांशिवाय तू थांबला नसतास." ड्रू थांबला. "आणि दफनाच्या दिवशी मी हात पुढे केला होता. तू पाठ फिरवलीस. दार लावून घेशील हे तिने बरोबर लिहिलं होतं."

"उचलून वेगळे का नाही केलेस? गर्दीने फूल बारीक होतं, एवढं तुला कळत नाही?"

"तो माझा नव्हता, ऑल्बन. दुसऱ्याचा कंद मी कसा उचलू?"

ट्रेमेनने चेहरा दोन्ही हातांत घेतला. "ती मला म्हणाली होती," तो हातांच्या आडून म्हणाला. "मऊ लागताहेत म्हणाली होती. आणि मी..." बाई फुलांशी काहीतरी करत राहिल्या.

शेवटी ड्रू म्हणाला, "डिसेंबरात उचलायला हवेत."

"पान पिवळं पडल्याशिवाय नाही."

"मग तूच येऊन बघ."

"बघू," ट्रेमेन म्हणाला. पण उठताना त्याने टेबलाला नाही, ड्रूच्या बाहीला धरलं.

*

होबार्टच्या वाटेवर क्लाइव गाडी उगाच हळू चालवत होता. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ होतं. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"हॉबडे, काय झालं?"

"काही नाही." त्याने गिअर बदलला. "माझी डोरीन जेवताना काहीतरी सांगायची. रोज. मी पेपर वाचत 'हं, हं' करायचो." समोरचा रस्ता त्याला नीट दिसेना. "मघापासून आठवतोय, बाई. एक वाक्य आठवत नाही. एकसुद्धा नाही."

त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.